वरातीचा कान

झरी, ता. तलासरी
१४ नोव्हेंबर २०१८

उमेश,

थोरल्या भावाचा आशीर्वाद घे. नको असेल तर बाजूला ठेव, पण पत्र पुरं वाच. फोन तू उचलत नाहीस. तुझा नवा नंबर कुठून तरी मिळवला की महिन्याभरात तोही बंद होतो. पत्राचं एक बरं असतं, फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

घाबरू नकोस, घरी ये म्हणून लिहीत नाही. ते लिहून लिहून झालं. एका वस्तूबद्दल सल्ला पाहिजे. तुझ्या शितलला गिटार घ्यायची आहे, आणि आपल्या घरात तारेची अक्कल तुझ्याशिवाय कोणाला? बेंजो पार्टीवर नाव माझं होतं, सुपारी मी घ्यायचो, पण बेंजोची बटणं तू दाबायचास.

गिटार कुठून निघाली ते सांगतो. डहाणूला धनेशशेठची चिकूची वाडी आहे, तिथे त्याने पाहुण्यांसाठी खोल्या काढल्यात. तिथल्या लग्नांना साउंड आपलंच असतं. सुट्टीत शितल माझ्याबरोबर यायची. कलकत्त्याचे एक घोषबाबू दर हिवाळ्यात तिथे मुक्कामाला असायचे. रिटायर इंजिनियर, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. संध्याकाळी ओट्यावर गिटार घेऊन बसायचे. पोरीने तीन हिवाळे त्यांच्यासमोर बसून काढले. आधी नुसती ऐकायची, मग त्यांनी हातात दिली. यंदा गुडघ्यांमुळे ते येणार नाहीत. मला फोनवर म्हणाले, "जीवनबाबू, लडकी को अच्छा गिटार दिलाइये. ब्लूज के लिए अच्छा."

आणि इथे माझी गाडी अडकली. ब्लूज म्हणजे काय ते मला कळेना. शितलला विचारलं.

"दुःखाचं गाणं असतं काका, पण रडायचं नाही."

"मग हसायचं?"

"हसायचंही नाही."

"मग करायचं काय?"

"वाजवायचं."

आता सांग, यावर मी दुकानदाराकडे काय मागू? वरातीत पाहिजे ते मला नावानिशी मागता येतं. नागीण मागितली की नागीण मिळते. हे रडायचं नाही आणि हसायचंही नाही असलं कुठल्या कपाटात ठेवतात?

म्हणून विचारतो. खोका मोठा घ्यावा की लहान? तारा जाड की बारीक? तुझं उत्तर चार ओळींत बसेल. माझ्या तब्येतीची चौकशी नाही केलीस तरी चालेल.

तुझा दादा,
जीवन

ता. क. बारावी झाली की शितल नर्सिंगला नाशिकला जायचं म्हणते. म्हणजे जूनमध्ये निघेल. आई नसलेली पोर घराबाहेर पडताना निदान बापाचं तोंड बघून पडावी, असं तुझ्या वहिनीला वाटतं. मला काय वाटतं ते सोड, मी फक्त गिटारीचं विचारतोय.

डहाणू रोड
२ डिसेंबर २०१८

उमेश,

उत्तर आलं नाही. बरं. मी सांगत जातो, तू मनातल्या मनात चुका काढत जा. ती तुझी सवय जुनीच आहे.

मागच्या आठवड्यात इथे स्टेशनाजवळच्या दुकानात गेलो होतो. शाळेचे ढोल, हार्मोनियम, आणि वर कोंबड्या टांगाव्यात तशा गिटारी टांगलेल्या. मी शितलला म्हटलं, तू एकेक घे आणि वाजव, मी आलो. आणि रस्ता ओलांडून पलीकडे वडापावच्या गाडीजवळ जाऊन उभा राहिलो.

तू हसशील. पण मी दुसरं काय करणार? पोरवयापासून लोकांच्या वरातीत डोक्यावर पेट्रोमॅक्सची बत्ती घेऊन चाललेला माणूस मी. तिथेच कान तयार झाला. वरातीच्या शेपटाला काठी टेकत चालणाऱ्या म्हातारीला पोचतं ते वाजलं, बाकी सगळं वाया. याच हिशोबाने मी तुझ्या बेंजोला भोंगा लावला, याच हिशोबाने पार्टी उभी केली. मग गिटार तरी दुसऱ्या कुठल्या कानाने निवडू?

तर रिक्षांचे हॉर्न चालू, फास्ट गाडीची शिट्टी चालू, आणि त्यातूनही एक गिटार मला पलीकडे स्वच्छ ऐकू आली. सगळ्यात मोठ्या पोटाची. काय आवाज रे! पितळी भांड्यासारखा, घुमतोय तो घुमतोयच. मी परत आलो आणि म्हटलं, हीच बांधा.

शितल म्हणाली, "छान आहे काका."

उमेश, "छान आहे" हे दोन शब्द कुठल्या सुरात म्हटले की त्याचा अर्थ "नको" होतो, ते मला कळतं. पण दुकानदारासमोर कळल्याचं दाखवलं नाही. घेतली. घरी आणली. ती तिला जवळ घेऊन बसली की म्हशीच्या पाठीवर हात टाकून बसल्यासारखी दिसायची. चार दिवस तिने माझं मन राखायला वाजवली, पाचव्या दिवशी ती खुंटीला गेली.

शेवटी मीच म्हटलं, "बोल आता. काय कमी आहे तिच्यात?"

"कमी नाही, जास्त आहे. ही एकदा बोलायला लागली की थांबतच नाही."

"बोलू दे की! त्यासाठीच तर घेतली."

"पण काका, मला मध्ये गायचं असतं."

पोरगी गाते हे मला तेव्हा कळलं. माझ्या घरात राहते, आणि मला! तुझ्या वहिनीला विचारलं तर ती म्हणते, "चुलीपाशी गाते की. तुम्ही असता कुठे, तुम्ही आपले त्या डीजेच्या खोक्यांपाशी."

आज गिटार परत द्यायला आलोय. दुकानदार भला आहे, बदलून देतो म्हणाला. पण बदली काय घेऊ तेच कळत नाही. आजवर कोणी माझ्याकडे येऊन "जरा कमी ऐकू येणारं द्या" म्हणालेलं नाही.

जीवन

चारोटी
२० जानेवारी २०१९

उमेश,

जनरेटरवाल्याची वाट बघत नाक्यावरच्या हॉटेलात बसलोय, म्हणून हे अक्षर चहाने माखलेलं.

दिवाळीपासून इकडे जमीन हलतेय ते तुला पेपरातून कळलं असेल. आधी खालून गुडगुड येते, मग धक्का. मला ती गुडगुड इतरांच्या आधी ऐकू येते. मी उठलो की आता सगळा पाडा उठतो, माणसांच्या आधी कोंबड्या माझ्याकडे बघतात. पण या कानाने धंद्यात माझी काय फजिती केली ते ऐक.

काल धुंदलवाडीला हळद होती. पोरं म्हणाली, काका, बेस वाढवा. मी वाढवला. पहिला ठोका पडला मात्र, "हलली! हलली!" म्हणून अख्खा मांडव बाहेर. जेवणारे पानावरून उठले, नवरदेव हळदीच्या अंगाने सुक्या खाचरात उभा, आणि त्याची आत्या त्याला घट्ट धरून. मी बंद केलं. लोक परत बसले. पुन्हा हळूच लावलं, पुन्हा तेच. मग नवरदेवाचा मामा माझ्यापाशी आला, हात जोडून म्हणाला, "जीवनशेठ, पैसे पुरे घ्या, पण वाजवू नका." अशी सुपारी मला जन्मात मिळाली नव्हती. शेवटी बायकांनी तोंडाने गाणी म्हटली. मी खोक्यावर बसून ऐकली. बरी वाटली, पण हे कोणाला सांगू नकोस.

गिटारीचं. गेल्या आठवड्यात शितलला मुंबईला नेलं. मोठं दुकान, आत चप्पल वाजवायचीही लाज वाटेल असं. शेंडी बांधलेला एक पोरगा आला.

"सर, स्प्रूस बघताय की महोगनी?"

मी म्हटलं, "बाबा, मला दरवाजा करायचा नाही."

हसला, आणि बसवून नीट समजावलं. ऐक, तुझ्या कामाचं आहे. वरची फळी स्प्रूसची असली तर आवाज मोकळा होतो, लांब जातो. महोगनीची असली तर कोरडा राहतो, जवळच बसतो, आणि लवकर विझतो. खोका मोठा तर खर्ज मोठा. लहान तर मधले सूर पुढे येतात, माणसाच्या बोलण्यासारखे. तारा पट्टीला टेकून ठेवल्या तर बोटं सुखात, पण सूर चरचरतो. उचलून ठेवल्या तर सूर साफ, पण बोटं सोलतात. आणि काही लोक म्हणे बाटलीचा गळा बोटात घालून तारेवरून सरकवतात, त्यांना उचललेल्याच तारा लागतात. बाटलीचा असाही उपयोग असतो, हे आपल्या वरातीतल्या पोरांना सांगायला पाहिजे.

मी म्हटलं, म्हणजे ब्लूजला चांगली कुठली? तो म्हणाला, "ते वाजवणाऱ्यावर आहे सर." एवढं सगळं सांगून शेवटी हे! घोषबाबूंना फोन लावला. ते म्हणाले, एक तार छेडा आणि सूर किती लवकर मरतो ते ऐका, लवकर मरणारा चांगला, तो गाणाऱ्याला जागा सोडतो. मी आयुष्यभर सूर जगवण्यासाठी मशिनी विकत घेतल्या, उमेश. हे म्हणतात मरू द्या.

तरी ऐकत बसलो. एका गिटारीच्या पोटात काहीतरी सुटं वाजत होतं, ते शेंडीवाल्याला दाखवलं. त्याने आरसा घालून बघितलं, आतली एक पट्टी उचकटलेली होती. तेवढाच माझा उपयोग. शितलने दिवसभरात हाताला लागतील तेवढ्या वाजवल्या. प्रत्येक वेळी डोळे मिटायची, थोडं वाजवायची, आणि मान हलवायची.

परत येताना विचारलं, "घोषबाबूंच्यासारखी पाहिजे का?"

"त्यांची जवळ जाते. पण ती नाही."

"मग कोणासारखी?"

खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला माहीत आहे काका, सांगता येत नाही. कुठेतरी ऐकलंय."

कुठे ऐकलंय? पाड्यावर फुंकायचा तारपा आहे, बेंजो होता, माझे खोके आहेत. गिटार नव्हती. माझं डोकं चालेनासं झालंय. तुला काही सुचलं तर कळव.

जीवन

झरी
५ फेब्रुवारी २०१९

उमेश,

शितल सुखरूप आहे. आम्ही सगळे आहोत. ही ओळ आधी.

शुक्रवारी दुपारचा धक्का मोठा होता. मागची भिंत वरपासून खालपर्यंत चिरली. शितल तेव्हा कॉलेजात होती, तिथून सगळ्यांना मैदानात काढलं. तेव्हापासून पाडाभर लोक अंगणात झोपतात. काहींना सरकारी तंबू मिळाले. आपल्याकडे टेम्पोवरची ताडपत्री आहे, ती बांबूंवर टाकली. डीजेचे खोके आत बंद आहेत. म्हटलं, पडलं घर तर त्यांच्यावर पडू दे.

त्या संध्याकाळी मला एक फोन आला. नंबर अनोळखी. मी "हॅलो" म्हटलं, पलीकडे कोणी बोललं नाही. मीही मग बोललो नाही, कारण मला ऐकू येत होतं. मागे कंपनीचा पाळी सुटल्याचा भोंगा झाला. ट्रक मागे घेतात तेव्हा वाजतो तो आवाज. आणि मध्ये मध्ये कोणी तरी नाक ओढत होतं, आधी एकदा लांब, मग दोनदा तोकडं. असं नाक जगात एकच माणूस ओढतो, त्याच्याबरोबर मी एका गोधडीत वाढलोय.

नाव घेतलं असतं तर फोन कापला असतास. म्हणून मी मोठ्याने म्हटलं, "शितल, तुला काही लागलं नाही ना ग?"

"नाही काका! किती वेळा विचाराल?"

आणि फोन तसाच चालू ठेवून तिच्या बाजेवर, उशीशी ठेवून दिला.

तिच्याकडे धनेशशेठच्या वाडीतली भिंतीवर टांगायची जुनी गिटार आहे, गिटार मिळेपर्यंत वाजव म्हणून त्याने दिलेली. ती घेऊन बसली. मग तिने एक केलं. ओढणीचं टोक दुमडलं आणि जिथे तारा खाली बांधतात ना, तिथे तारांखाली खोचलं. आणि वाजवायला लागली. आवाज कसला, टप टप. बंद दारावर कोणी बोटाने वाजवावं तसा. सूर निघतो आणि तिथेच बसतो. अंगठा खाली एकच चाल धरून चाललेला, आणि वर दोन बोटं आपलं काहीतरी सांगतायत.

मी विचारलं, "ते फडकं कशाला?"

"असंच. लहानपणापासून असंच आवडतं."

"लहानपणी कुठे होती गिटार?"

"गिटार नव्हती," म्हणाली, आणि वाजवत राहिली.

उमेश, मग तुझ्या वहिनीने सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तू पहाटे रियाज करायचास म्हणे. घर उठू नये म्हणून बेंजोच्या तारांखाली रुमाल दुमडून. आणि शितल तुझ्या मांडीला डोकं लावून झोपलेली असायची. मी "म्हणे" लिहितो, कारण मी ते कधी ऐकलंच नाही. मी बाहेर पडवीत झोपायचो, तिथवर येत नव्हतं. मला वाटायचं तू रियाज सोडलास. तुझ्या वहिनीला विचारलं तर म्हणते, "रोज वाजवायचे की भाऊजी. मी त्या आवाजावर भाकऱ्या थापायचे."

सगळा पाडा माझ्या कानाकडे बघून उठतो, आणि माझ्याच घरातलं हे.

फोन शितलचं वाजवणं संपेपर्यंत चालू होता. मग कापला गेला. तिने विचारलं, "कोणाचा होता?"

"राँग नंबर."

"राँग नंबर एवढा वेळ थांबतो?"

मी म्हटलं, "बॅलन्स असेल त्याच्याकडे."

ओढणी काढली नाही तिने.

दादा

झरी
१२ मार्च २०१९

उमेश,

थोडक्यात लिहितो. घोषबाबूंनी तुझ्या वापीतलं एक दुकान सांगितलं, बाजारातल्या रस्त्यावर, समोर उसाच्या रसाची गाडी आहे. दोन पेपरांच्या मध्ये शितलला नेऊन आणलं. तिथे दोन गिटारी तिने बाजूला काढल्या. दोन्ही लहान पोटाच्या, दोन्ही महोगनीच्या. एक जरा जुनी, कोणी तरी वापरलेली. मला दोन्ही सारख्याच वाटतात, म्हणजे दोन्ही मला वाजतच नाहीत. तिलाही ठरवता येईना.

म्हणाली, "मी वाजवताना मला नीट कळत नाही काका. दुसऱ्या कोणी वाजवली आणि मी नुसती ऐकली, तर कळेल."

मी हात पुढे केला. माझ्या बोटांकडे बघून म्हणाली, "तुम्ही नको."

शेवटचा पेपर झाला की रविवारी, २४ तारखेला, सकाळी अकराला आम्ही तिथे असू. दुकान तुझ्या खोलीपासून रिक्षाने चार रस्ते. तिला मी काही सांगितलेलं नाही. मी दुकानात शिरणार नाही, रस त्या बाजूला चांगला मिळतो. उपलाटच्या वरातीत डीजेसाठी तुझ्या बेंजोची वायर मी मुद्दाम काढली असं तू पाच वर्षं, घर सोडल्यापासून, म्हणतोस. जनरेटरला लोड झेपत नव्हता असं मी म्हणतो. ते भांडण मी घरी ठेवून येतो. तूही ठेव.

रविवारी तुझी पाळी असली तर बदलून घे. येणार नसलास तरी मला कळवू नकोस, मी उभा राहीनच.

दादा

झरी
२८ मार्च २०१९

उमेश,

रविवारी आपण एका रस्त्यावर होतो आणि एकमेकांशी शब्द बोललो नाही, म्हणून लिहितोय.

तू आलास तेव्हा मी रसाचा दुसरा ग्लास घेत होतो. कंपनीचा डगला घालूनच आलास. काचेसमोर उभा राहून गिटारी बघत राहिलास, जसं काही तुलाच घ्यायची आहे. मला वाटलं आता वळतो आणि जातो. तू वळलास, मला बघितलंस. मी ग्लासाने आत दाखवलं. केस बरेच पिकले तुझे. हे पत्रात लिहायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं.

पुढचं मी काचेतून बघितलं. ते एसीचं दार बंद झालं आणि आतलं काही मला ऐकू येईना. बाहेर उसाच्या चरकाचं घुंगरू आणि रिक्षा. लोक म्हणतात याला जमिनीच्या पोटातलं ऐकू येतं, आणि त्या दिवशी दहा पावलांवरचं नाही. तेव्हा मी बघितलं ते लिहितो, काय बोललात ते तुम्हा दोघांचं.

शितलची पाठ होती. तू तिच्या मागे जाऊन उभा राहिलास. बराच वेळ तिने वळून बघितलं नाही, आणि तूही हाक मारली नाहीस. दुकानदार तुला काहीतरी विचारत होता, तू त्याच्याकडे बघतही नव्हतास. मग तू नाक ओढलं असशील, कारण तिने न वळताच एक गिटार उचलली आणि मागे धरली.

तू स्टुलावर बसलास आणि ती मांडीवर आडवी टाकलीस, बेंजोसारखी. दुकानदार धावत आला. गिटार अशी धरत नाहीत, हे तो हाताने दाखवत होता. तू खिशातून रुमाल काढलास, दुमडलास, आणि तारांखाली खोचलास. दुकानदाराने दोन्ही हात डोक्याला लावले. मला हसू आलं, रस नाकात गेला.

आणि शितल खाली बसली. दुकानाच्या फरशीवर, तुझ्या स्टुलाला टेकून. सतरा वर्षांची पोरगी. गिटारीच्या खोक्याला कान लावला तिने. तू वाजवलंस. काय वाजवलंस कोण जाणे, हात तर आपला जुनाच चालत होता, अंगठा तुरुतुरु. मग दुसरी गिटार घेतलीस, रुमाल तिच्यात खोचलास. तिने पुन्हा कान लावला. रसवाला मला म्हणाला, "काका, ग्लास तरी द्या परत." तेव्हा कळलं की मी रिकामा ग्लास धरून उभा आहे.

तुला दुपारची पाळी होती वाटतं. तू पलीकडच्या बाजूने गेलास, माझ्याकडे बघून मान हलवलीस. ती "हो" होती की "बघू" होती, अजून ठरवतोय. चेहऱ्यावरून माणूस ओळखायची सवय नाही मला, आवाज लागतो.

परत येताना टेम्पोत गिटारीची पेटी तिच्या मांडीवर. दोन्हीतली कुठली घेतली तेही मला सांगितलं नाही. भिलाड गेलं. तलासरीच्या नाक्यावर गाडी थांबली तेव्हा समोर बघत म्हणाली, "काका."

"काय?"

"राँग नंबर बरा वाजवतो."

मी गियर टाकला. दुसरं काय करणार?

घरी आल्यावर ती आतल्या खोलीत बसली. आता धक्के जरा कमी आहेत, लोक हळूहळू घरात झोपायला लागलेत. मी म्हटलं, वाजव, मी ऐकतो. आणि सवयीने बाहेर रस्त्यापर्यंत गेलो. काही ऐकू आलं नाही. कुंपणापर्यंत आलो, नाही. अंगणात उभा राहिलो, तिथे नुसता चुलीचा आवाज. मग उंबऱ्यावर बसलो. तेव्हा आलं. आधी अंगठा, मग ती वरची दोन बोटं, आणि मध्ये सूर विझून जागा झाली तिथे तिने हळू आवाजात गायला सुरुवात केली. काय गात होती ते कळलं नाही, इंग्रजी होतं. रडवेलं नव्हतं, हसरंही नव्हतं. आतून तुझ्या वहिनीची भाकरी थापायची चाल त्याच ठेक्यात चालली होती, तिला ते माहीत नव्हतं.

ब्लूज म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही. चांगली गिटार कशी ओळखायची विचारशील तर तेही सांगता येणार नाही. शेंडीवाला एक म्हणतो, घोषबाबू दुसरं म्हणतात, पोरगी काहीच म्हणत नाही. उंबऱ्यावर बसावं लागतं एवढं मात्र कळलं, आणि त्याला मला पन्नाशी उलटावी लागली.

मे महिन्यात पंधरा दिवस वापीला जाते म्हणतेय. कोणाकडे ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तुझ्या वहिनीने मात्र तिच्यासोबत द्यायला चिकू आतापासून सांगून ठेवलेत. खोली झाडून ठेव. तिला दुपारच्या गाडीत बसवून देईन, स्टेशनवर उतरून घ्यायला ये, आणि त्या वेळी तरी हाक मार.

रुमाल तिच्याकडे राहिलाय. धुवायला टाक म्हटलं तर ऐकत नाही. परत मागू नकोस, तू नवीन घे.

तुझा दादा,
जीवन